गव्हाणीत हात घालून बघ

बाबा, कुत्र्याने परवा संध्याकाळपासून अन्नाला तोंड लावलेले नाही, आणि आज सकाळी त्याला इन्सुलिन दिले गेले आहे. रिकाम्या पोटी. तू असतास तर एवढे ऐकूनच उठला असतास. मी घरापुढच्या बलकांवात, बाकाला पाठ टेकून जमिनीवर बसले आहे, त्याचे डोके माझ्या मांडीवर आहे आणि बाजूला साखरेच्या पाण्याची वाटी आहे. म्हापशाचे जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, दर वीस मिनिटांनी कानाला टोचून साखर बघा, वहीत लिहा, हिरड्यांना साखरपाणी चोळत राहा. औषधाचा जोर दुपारी चढतो, खरे काय ते तेव्हाच कळेल. एक आकडा लिहिला की दुसऱ्या आकड्यापर्यंत करण्यासारखे काही उरत नाही. वही हातात, पेन हातात, म्हणून वहीच्या मागच्या पानांवर तुला लिहिते आहे. शाळेत 'वडिलांस पत्र' लिहायला सांगत तेव्हा तुला 'तुम्ही' करावे लागे, आणि ते वाचून तू हसायचास. हे तुमी कोण गो, म्हणून विचारायचास. आज तूच.

कुत्रा तुला माहीत नाही. आम्ही पाळी गावात राहायला आलो तेव्हा इथली खाण बंद पडून बरेच दिवस झाले होते, आणि हे पिल्लू खाणीच्या फाटकापाशी एकटेच बसलेले असायचे, राखणदार गेले तरी राखण करत. अंगभर तांबडी धूळ. घरी आणून आंघोळ घातली तर तीन बादल्या लाल पाणी निघाले आणि आतून पांढरे कुत्रे बाहेर आले. माझा नवरा कोल्हापूरकडचा, डिचोलीच्या कारखान्यात कामाला आहे. तो म्हणाला, आम्ही तांबडं आणलं होतं, हे कुणाचं बदलून आलं? कुत्र्याचे नाव इथे लिहीत नाही. जनावराला नाव ठेवले की सुई मारताना हात कापतो असे तू म्हणायचास, आणि गुरांच्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येक म्हशीला तू नुसती 'बाय' म्हणायचास.

त्याचा आजार मी डॉक्टरांच्या आधी ओळखला. घागरभर पाणी प्यायचा, खायचा भरपूर आणि तरी बरगड्या दिसायला लागल्या होत्या, पण त्याने मला काही सुचले नाही. सुचले ते अंगणातल्या लिंबाच्या खुंटाकडे बघून. तो तिथे पाय वर करतो. त्या खुंटाशी तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती, न्हाणीपासून थेट खुंटापर्यंत. मी उकिडवी बसून ती रांग बघत राहिले. पेडण्याच्या आपल्या घरामागे, माडाच्या आळ्याशी, अशीच रांग तू मला बोटाने दाखवली होतीस. बघ, माझ्यात साखर झाली म्हणून पाहुणे इले, असे म्हणून हसला होतास. तेव्हा मी अकरावीत होते, आई जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि तुझे हसणे मला खरे वाटले होते.

त्याला माणसांचेच औषध लागते, बाबा. तुझ्यासारखीच बाटली, तसेच रबरी बूच. तुझी बाटली ठेवायला आपल्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून ती दवाखान्याच्या फ्रीजमध्ये कोंबड्यांच्या लसीशेजारी असायची. एक दिवस हे माका कोंबड्यांची लस टोचतले आणि मी सकाळी बांग देयन, असे तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचास. पुढे तुझी नजर अधू झाली, सुईवरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तेव्हा तू मला तवशावर, काकडीवर, टोचायला शिकवलेस. बाटली हलवायची नाही, तळहातात घोळवायची. सुई घाबरत घालायची नाही, दुखते ते घाबरण्याने. आठ दिवसांत घरातली सगळी तवशी चाळणीसारखी झाली, आणि नवव्या दिवशी तू शर्टाची बाही वर केलीस.

हे सगळे येत असून या कुत्र्याला मी एकदाही सुई दिलेली नाही. देतो नवरा. मला जमत नाही एवढेच मी त्याला सांगितले. कंपाउंडरची लेक आणि सुईला भितीस व्हय, म्हणून तो मला चिडवतो, आणि मी चिडवून घेते. आज सकाळी मात्र कानाला टोचावेच लागले. हात कापला नाही, याचे मलाच वाईट वाटले.

पहिला आकडा अडुसष्ट. वहीच्या पुढच्या बाजूला लिहिला आहेच; साठाच्या खाली गेला की धोका, असे डॉक्टर म्हणाले.

तुझी एक गोष्ट दोन दिवस सारखी आठवते आहे. तुझी बदली लाटंबार्शाला होती, मे महिन्याच्या सुटीत मी तुझ्या स्कूटरवर मागे बसून घरोघर यायचे, आणि नोंदीचे पुस्तक माझ्याकडे असायचे. काजूच्या बागेखालच्या एका घरी म्हैस आजारी होती. तू हात धुवायला विहिरीवर गेलास आणि मी मोठ्या माणसासारखे घरच्या बाईला विचारले, खाते का? ती म्हणाली, खाता गे, बरें खाता. मी लिहिले, खाते. तू आलास, वाचलेस, आणि माझे मनगट धरून मला गोठ्यात नेलेस. माझा हात गव्हाणीत कोपरापर्यंत घातलास. वरचे गवत हिरवे होते. खालचे आंबून गरम झाले होते, दोन दिवसांचे. त्या बाईसमोर तू मला म्हणालास, "मालकाक इचारू नको, चेडवा. गव्हाणीत हात घालून बघ. मालक खोटां बोलता, जनावर बोलणा नाय." मला रडू आले. माझ्यापेक्षा ती बाई जास्त शरमली. वाटेत तू समजावलेस की ती वाईट नाही. जनावराने अन्न सोडले हे शब्द घरात कोणी काढत नाही, काढले तर खरे होतात अशी भीती असते, म्हणून विचारले की सगळेच 'खाता' म्हणतात. दुसऱ्या दिवशी तू मला तुझी सुया उकळायची जुनी स्टीलची डबी दिलीस. रागावलास याची भरपाई असावी. तिच्यात मी अजून बटणे ठेवते.

परवा संध्याकाळी कुत्र्याने ताटलीकडे पाहिले आणि तोंड फिरवले. उकडलेली कोंबडी दिली, अंडे दिले, तारले भाजून काटे काढून दिले. काल सकाळी पोदेर, पाववाला, भोंगा वाजवत आला. पाव त्याला बंद आहे, पण या भोंग्याला तो दहा वर्षे फाटकापर्यंत धावत आलेला आहे. काल त्याचा कानसुद्धा हलला नाही. मी पोदेराकडून गरम उंडो पाव घेऊन त्याच्या नाकाशी धरला. त्याने तो जिभेने बाजूला सारला, अगदी सभ्यपणे. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघत होती. ती म्हणाली, अन्न सोडलां गे ताणें. मग आवाज बारीक करून म्हणाली, घरावयलें कितें तरी तो आपल्याचेर घेता. घरावर येणारे कुत्रे आपल्यावर घेते असे इथे मानतात. मी तिला घरात जा म्हटले. तिला असे मी कधी बोलले नव्हते.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बजावले होते, खाल्ले तरच सुई. नाही खाल्ले तर सुई थांबवा आणि मला फोन करा. काल तसेच केले. नवऱ्याने रजा टाकली, आम्ही त्याला म्हापशाला नेले, तिथे सलाईन लावले, रक्त घेतले, पोटाला सूज आहे म्हणाले. घरी येईस्तोवर अंधार पडला. महिन्यातली नवऱ्याची ही तिसरी रजा. सुपरवायझरने त्याला सांगून ठेवले आहे की आता आणखी एक दिवस चुकला तर दुसरा माणूस बघू. हे तो मला सांगणार नव्हता, मीच खोदून काढले.

आज सकाळी मी ताटली भरून ठेवली आणि कावळे टोचतात म्हणून वर झाकण घातले. तो शिवणार नाही हे मला ठाऊक होते. नवरा आत बूट घालत होता, कंपनीची बस नाक्यावर यायची वेळ झाली होती. त्याने आतून विचारले, "खाल्लं काय त्येनं?"

मी म्हणाले, खाल्लं.

का म्हणाले? त्याला बस मिळावी म्हणून. नाही म्हटले असते तर तो बूट काढून कुत्र्यापाशी बसला असता. घासभर तरी मी नंतर भरवीन, असे मनात होते. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यात काही खोटे आहे असेसुद्धा वाटले नाही, कोणी रस्त्यात 'जेवलीस?' म्हटले की आपण 'जेवले' म्हणतो तसा तो गेला. मग फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला. मी चुलीपाशी उभी होते, हातात उलथणे. तो बाटली तळहातात घोळवत असणार, हे मला न बघता कळत होते. थांब एवढे एकच म्हणायचे होते. पण थांब म्हटले की का ते सांगावे लागले असते, आणि मी मघाशी खोटे का बोलले तेही. बाबा, मी सबंध वेळ तशीच उभी राहिले. तो कुत्र्याला थोपटून, हात धुऊन, येतो म्हणून गेला. झाकण त्याने उचलले नाही. बायकोने सांगितल्यावर कोण उचलतो?

एकोणसाठ. साखरपाणी त्याच्या गालात राहते, गिळत नाही, ओठावरून माझ्या साडीवर गळते. मागच्या पायाला मधूनच झटका येतो. डोळे उघडे आहेत.

तुझा तो दिवस आता लिहावाच लागेल. माझी म्हापशाच्या शाळेत क्लार्कच्या जागेसाठी मुलाखत होती. पहाटे तू पेज केलीस, मी वाडग्यात वाढली, गरम होती म्हणून झाकली आणि झाकणावर चमचा आडवा ठेवला. तू पाटावर बसलास. मी आतल्या खोलीत साडी नेसत होते, पिना तोंडात धरून. तिथून मी विचारले, बाबा, जेवलास? आणि तू म्हणालास, "जेवलंय गो. तू आटप, बस जायत." मी बाहेर आले, सुई भरली, तुझ्या दंडात दिली. तू म्हणालास, आज हात हलको पडलो. देवाला नमस्कार करायला लावलेस. मी पळत जाऊन बस पकडली. मुलाखत चांगली झाली, मुख्याध्यापकांनी हसून चहा विचारला, आणि त्या वेळी तू पाटावरून खाली कलंडला होतास की अजून बसलेला होतास, ते मला माहीत नाही.

चार वाजता परत आले तर अंगणात माणसे. डॉक्टर येऊन गेले होते, हृदय म्हणाले. एवढी वर्षे साखर, हृदय कमजोर होणारच, कोणाला नवल वाटले नाही. तू सुईने गेलास की हृदयाने, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी ते कळू दिले नाही. मी स्वयंपाकघरात गेले. वाडगा तिथेच होता, झाकण तसेच, चमचा झाकणावर तसाच आडवा. मी पेज मागच्या दारी माडाच्या आळ्यात ओतली, वाडगा राखेने घासला, पालथा घातला. मग बाहेर येऊन रडले. पाठोपाठ कोणीतरी विचारले, जेवला होता मगो? मी म्हणाले, जेवला होता. त्यावर सगळ्या बायकांचे चेहरे जरा निवले. पोटभर जेवून गेला, भाग्याचा, उपाशी नाही गेला, असे एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला, आणि तेराव्यापर्यंत सगळे पेडणे मला तेच सांगून माझे सांत्वन करत होते. मी मान हलवत होते. नोकरी मिळाली. तेराव्यानंतर रुजू झाले.

बरीच वर्षे मी तुझ्यावर रागावले होते, हेही लिहून टाकते. जन्मभर दुसऱ्यांच्या गव्हाणीत हात घालणारा माणूस स्वतः मालकासारखा खोटे बोलला. माझी बस चुकू नये म्हणून बोललास हे समजत होते, पण मग मला जन्मभराचे असे काय देऊन गेलास, असे वाटायचे. आज सकाळपासून तो राग शोधते आहे आणि सापडत नाही. तो शब्द किती सहज निघतो ते आता मला माहीत आहे. तू मला वाचवायला बोललास, मी नवऱ्याला. आणि दोन्ही वेळा सुई पुढे गेली.

यापुढचे जास्त वाईट आहे. नवरा बाहेर पडल्यावर मी डॉक्टरांना फोन लावला. ते रागावले. रिकाम्या पोटी दिलीच कशी, म्हणाले. मी म्हणाले, नवऱ्याने बघितले नाही. हे खरे आहे, एक शब्दही खोटा नाही. मग दहाच्या चहाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला, कारखान्यात त्याआधी फोन हातात देत नाहीत. मी सांगितले, त्याने खाल्ले नव्हते, पडून आहे. त्याने आधी आकडा विचारला. मग म्हणाला, "चूक माझीच हाय. झाकण उचलून बघाय पाहिजे हुतं मी. तू जिवाला लावून घिऊ नगंस." त्याला वाटते, मलाही वाटले होते की कुत्र्याने खाल्ले. मी 'बरं' म्हणाले. दुपारची सुटी मागून, मित्राची व्हॅन घेऊन तो निघाला आहे, म्हापशाला न्यायचे आहे. आणि मी 'बरं' म्हणाले. कुत्रे गेले तर हा माणूस जन्मभर म्हणत राहील की आपण झाकण उचलले नाही म्हणून गेले. ते झाकण कसे असते ते मला वीस वर्षे माहीत आहे, आणि मी ते त्याच्या हातात दिले.

चौपन्न. कान थंड लागतो आहे. बोटाला साखर लावून टाळूला चोळली तर जीभ थोडी हलली, की माझेच बोट हलले, सांगता येत नाही. ताटली समोर आहे, झाकण तसेच. म्हातारी दोनदा कुंपणापर्यंत येऊन परत गेली.

ही पाने डॉक्टरांना वही देण्याआधी फाडून घ्यायला हवीत. ठेवीन कुठे? तुझ्या डबीत, बटणांखाली.

नाक्यावर व्हॅन वळल्याचा आवाज आला. कुत्र्याचा उजवा कान मघाशी थोडा हलला, हे मी नक्की पाहिले. नवरा आत आला की आधी कुत्र्याला उचलील, आणि गाडीत बसताना, कितीही घाईत असला तरी, मला विचारील, तू जेवलीस काय? तो रोज विचारतो. तोंडात 'जेवले' तयार आहे, बाबा, मला ते जिभेवर लागते आहे. ते गिळून त्याला नाही म्हणायचे आहे, आणि त्याच दमात सकाळचेही सांगायचे आहे, म्हापसा येण्याआधी. जमेल की नाही ते माहीत नाही, कारण तुलासुद्धा मी वर एक गोष्ट चुकीची लिहिली आहे. चमचा मी चार वाजता परत आल्यावर पाहिला, असे लिहिले. सकाळी निघतानाच पाहिला होता. उंबऱ्यावर वाकून चपलेचा पट्टा लावत होते, तिथून तो दिसला, झाकणावर आडवा, मी ठेवला तसा. बस हॉर्न देत होती.